जणू कुणी टेकलंच नव्हतं

पेटीवाल्यांना पेटीवाले म्हणत ते पेटीमुळे, हे खरंच. पण त्यांच्या बायकोचं म्हणणं असं की माणूसच मुळात पेटीसारखा आहे. कुणी दाबल्याशिवाय आवाज नाही, आणि एकदा सूर धरला की सोडायचं नाव नाही. ही गोष्ट पेटीवाले हल्ली स्वतःच सगळ्यांना सांगतात आणि सांगताना स्वतःला कुठेच सोडत नाहीत, म्हणून आपणही त्यांच्यावर फार दया करण्याचं कारण नाही.

उभा जन्म त्यांनी कीर्तनात बुवांच्या मागे बसून काढला. बुवा पुढे उभे राहून गायचे, सांगायचे, लोकांना हसवता हसवता रडवायचे. पेटीवाले मागे मांडी घालून बसायचे आणि बुवांचा आवाज जाईल तिकडे त्याच्या पाठोपाठ जायचे. बुवा सुरात चुकले तर पेटीवालेही त्यांच्याबरोबर तेवढेच चुकायचे, म्हणजे चूक कुणाला कळायची नाही. देवाचं नाव बुवांच्या तोंडी आणि बोटं आपली, एवढ्यावर त्यांचं समाधान होतं. आपल्याला गर्व म्हणून नाही, याचा त्यांना बराच गर्व होता.

कीर्तनाला जायचं म्हणजे परक्या घरी उतरायचं. तिथे बुवांचा एक दंडक असे. ते म्हणत, "आपण उठून गेल्यावर घरच्या बाईला वाटलं पाहिजे, इथे कुणी टेकलंच नव्हतं." म्हणून निघण्याआधी पांघरुणांच्या घड्या, न्हाणीघर पुसून कोरडं, पेला पालथा, पिशव्या नजरेआड, केराची चिमूट स्वतःच्या खिशात आणि खोलीची किल्ली यजमानांच्या हातात. यजमानांच्या वस्तूला शक्यतो हातच लावायचा नाही; टॉवेल आपला, साबण आपला. पुढे बुवा थकले, मंडळी पांगली, पण पेटीवाल्यांच्या अंगातून दंडक गेला नाही. ते स्वतःच्या घरातसुद्धा पाहुण्यासारखे राहू लागले.

"अहो, माझ्या घरात माणूस राहतो असं जरा दिसू द्या," बायको म्हणे. "शेजारीण विचारत होती, हे गावाला गेलेत का म्हणून."

पेटीवाल्यांना ती तक्रार नव्हे, शाबासकी वाटे.

त्यांना एकच लेक. लहानपणापासून हट्टी; लाडाने तिला ठकू म्हणायचे. ठकू शिकली आणि एका मोठ्या शहरातल्या भल्या थोरल्या हॉटेलात नोकरीला लागली. एका अख्ख्या मजल्यावरच्या खोल्या तिच्या ताब्यात: खोल्या नीट लागल्या की नाही ते पाहायचं, हाताखालच्या बायकांकडून काम करून घ्यायचं, वेळ पडली तर स्वतः पदर खोचायचा. हे तिने आनंदाने सांगितलं, तेव्हा पेटीवाले म्हणाले, "परक्यांच्या चादरी बदलायला शिकवलं होतं का तुला?"

ज्याने सगळा जन्म परक्यांच्या पांघरुणांच्या घड्या घालण्यात घालवला, त्याने हे बोलावं. बोलताक्षणीच त्यांना आपली जीभ ओढून परत घ्यावीशी वाटली. पण पेटीचा सूर सुटत नाही, हे वर सांगितलंच आहे. तेव्हापासून ठकूचा फोन आईला येई आणि शेवटी "बाबा बरे आहेत ना" एवढं विचारून बंद होई. आईने फोन कानाला लावून दिला तर पेटीवाले म्हणत, "बरा आहे." झालं, बापलेकीचा संवाद संपला.

आणि मग एक दिवस ठकूने दोघांना हॉटेलात राहायला बोलावलं. नोकरांच्या आईवडिलांना दोन रात्री फुकट खोली मिळे, तशी तिथली पद्धत होती.

बायकोने पेटीवाल्यांना निघण्याआधी समोर बसवलं. "नीट ऐका. तिला कायम करायचं की नाही, ते याच आठवड्यात ठरणार आहे. तिच्या वरच्या बाई, मोठ्या बाई म्हणतात त्यांना, फार कडक आहेत. तुम्ही तिथे तोंड उघडू नका. कशाला नावं ठेवू नका. आणि मुख्य म्हणजे, रागावून निघून येऊ नका."

"मी कधी निघून आलो?"

"पुतण्याच्या लग्नातून आलात. फोटोत मागच्या रांगेत उभं केलं म्हणून, न जेवता."

"ते वेगळं होतं."

"साडूंच्या घरून आलात. तेही वेगळंच असेल."

सगळा जन्म मागे बसलेला माणूस फोटोत मागे उभं केलं म्हणून का चिडतो, याचं उत्तर पेटीवाल्यांनाही कधी सापडलं नव्हतं. पण या वेळी त्यांनी मनाशी ठरवलं की लेकीला आपली तोशीस म्हणून लागू द्यायची नाही. आपण आलो काय, गेलो काय, तिच्या मोठ्या बाईंना कळतासुद्धा कामा नये. हा निश्चय त्यांनी इतका तंतोतंत पाळला की त्यातून जे व्हायचं ते झालं.

हॉटेलचा दरवाजा गोल गोल फिरणारा होता. पेटीवाल्यांना समेवर आत शिरायचं होतं, पण त्या दरवाजाची सम काही सापडेना. बायको पहिल्याच फेरीत आत गेली. पेटीवाले शिरले, पण बाहेर पडायची जागा हुकली आणि ते फिरत फिरत परत फुटपाथवर आले. दारावरच्या रखवालदाराने त्यांना अदबीने सलाम केला. दुसऱ्या फेरीत त्यांनी डोळे मिटून पाऊल टाकलं आणि आत पडले.

आतली फरशी इतकी चकचकीत होती की तिच्यावर चालायचा त्यांना धीर होईना. ते भिंतीच्या कडेकडेने निघाले. समोरून ठकू आली. अंगात गडद कोट, केस घट्ट बांधलेले, कमरेला बोलायचं यंत्र. तिच्या तोंडून सवयीने गेलं, "आपलं स्वागत आहे." मग हळूच, "बाबा."

"आभारी आहे," पेटीवाले म्हणाले. दोन कचेऱ्यांचा पत्रव्यवहार चालावा तसं ते झालं. आईने कपाळावर हात मारून घेतला.

खोली वरच्या मजल्यावर होती. पलंग असा की त्यावर अख्खी कीर्तनाची मंडळी पेटीसकट झोपली असती. उश्या इतक्या की माणसाने टेकायचं कुठे, हा प्रश्न. चादर गादीखाली अशी ताणून खोचलेली, की आत पाय घालायचा तर आधी परवानगी काढावी लागेल. पडदा बटण दाबल्यावर आपोआप सरकत होता. बायकोने तो चारदोनदा उघडझाप करून पाहिला आणि मग न्हाणीघरातून तिची हाक आली, "अहो, इथे टबाशेजारी फोन आहे. आंघोळ करताना कुणाला फोन करायचा असतो हो?"

"कशाला हात लावू नकोस," पेटीवाले म्हणाले. पण ते स्वतः दारात उभे राहून त्या टबाकडे पाहतच राहिले. पांढरा शुभ्र, माणूस सबंध आडवा होईल एवढा. मोहावर बुवांचं निरूपण फार गाजलेलं होतं आणि त्यात पेटीवाल्यांनी किती वेळा साथ केली असेल याला गणती नाही. ते निरूपण त्यांना त्या क्षणी सुरुवातीपासून आठवू लागलं. त्यांनी न्हाणीघराचं दार लावून घेतलं.

ठकूने जाताना सांगितलं, "उद्या सकाळी तुमची खोली मी स्वतः लावणार आहे. कुणाला पाठवणार नाही. तुम्ही फक्त आराम करा." हे ती आईकडे पाहून बोलली, पण बाबांनी ऐकावं म्हणून बोलली. पेटीवाल्यांनी ऐकलं आणि त्यातलं भलतंच मनावर घेतलं.

रात्री बायको पलंगाच्या मधोमध गाढ झोपली. पेटीवाले कडेला, चादर न उपसता, तिच्यावरच घरून आणलेली शाल पांघरून पडले. सकाळी बायकोच्या आधी उठून त्यांनी घरच्या साबणाने, घरच्या टॉवेलने अंग पुसण्यापुरती आंघोळ उरकली आणि कामाला लागले. न्हाणीघर कोरडं केलं. आरसा पुसला. बायको उठताच तिच्या पाठीखालची चादर ओढून ताणून घेतली आणि पुन्हा गादीखाली खोचली. पहिल्या दिवशी उशांची मांडणी त्यांनी डोळ्यांत साठवून ठेवली होती, ती तशीच्या तशी लावली. न्हाणीघरातल्या कागदाच्या गुंडाळीचं टोक त्रिकोणी दुमडलेलं होतं, तेसुद्धा पुन्हा दुमडलं. बायकोने खाल्लेल्या संत्र्याची सालं रुमालात बांधून खिशात घातली. पिशव्या कपाटात खोलवर ढकलल्या आणि कपाटाचं दार लावलं.

"अहो, इथे या कामाला माणसं असतात," बायको केस विंचरता विंचरता म्हणाली.

"माणसं म्हणजे कोण? ठकूच ना? आपल्या अंथरुणाची चादर लेकीने उचलायची?"

बायको विंचरत राहिली. कंगव्यात अडकलेला केससुद्धा नवऱ्याने हळूच उचलून खिशात टाकला, तेव्हा मात्र तिने त्यांच्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर विरघळला असता.

खाली उतरल्यावर पेटीवाले थेट स्वागताच्या टेबलापाशी गेले. खोलीचं कार्ड तिथल्या तरुणापुढे दोन्ही हातांनी ठेवलं. "हे ठेवा. फार त्रास दिला तुम्हाला. लोभ असू द्या." तो तरुण उठून उभा राहिला आणि म्हणाला, त्रास कसला, आनंद झाला. किती सभ्य माणसं आहेत, असं म्हणत पेटीवाले नाश्त्याला गेले.

नाश्त्याला टेबलांची रांगच्या रांग मांडलेली. बायकोने एका टोकापासून सुरुवात केली आणि कुणावर अन्याय होऊ दिला नाही. पेटीवाल्यांनी एक केळं आणि टोस्टचा तुकडा खाल्ला, टेबल पुसलं, शेजारच्या टेबलावरच्या बशाही आपल्याच बशांवर रचून ठेवल्या. मग बायको बागेत कारंज्यापाशी बसली. पेटीवाले तिच्याशेजारी चुळबुळत राहिले.

"जरा वर जाऊन पाठ टेकतो," ते शेवटी म्हणाले.

"कार्ड दिलंत ना खाली?"

"तुझ्याकडे दुसरं आहे."

बायकोने पिशवीतून कार्ड काढून दिलं. "पाठ टेकायची आहे की टब बघायचाय?"

"मला काय करायचाय टब?" असं म्हणून पेटीवाले इतक्या भरभर निघाले की फिरत्या दरवाजाने त्यांना पहिल्याच फेरीत आत घेतलं.

त्यांनी खोलीत जाऊन कपडे घडी करून कपाटात ठेवले. टबात गरम पाणी सोडलं. काठावर छोट्या बाटल्या होत्या. इतरांच्या वस्तूला हात लावायचा नाही, हे खरं, पण एक बाटली उघडून वास घ्यायला काय हरकत आहे, असं म्हणता म्हणता ती सबंध पाण्यात गेली. फेस असा उसळला की पेटीवाले गळ्यापर्यंत ढगात. ते आडवे झाले. पाठीचा एकेक मणका आपापलं गाऱ्हाणं विसरला. हा देह नाशवंत आहे, असं त्यांनी स्वतःला बजावलं. देहाने काही ऐकलं नाही.

आणि मग ते गाऊ लागले. आयुष्यभर दुसऱ्याच्या गाण्यामागे धावलेला माणूस. स्वतः तोंड उघडायची पाळीच आली नव्हती. न्हाणीघराच्या फरशीने त्यांचा आवाज असा काही भरून परत दिला की पेटीवाल्यांना पहिल्यांदा कळलं, बुवा एवढे खूश का असत. त्यांनी आवाज आणखी मोकळा सोडला. पुढच्या ओळीवर ते उंच चढून थांबले, तेवढ्यात दाराबाहेरून, खोलीच्या आतूनच, एक जाडसर आवाज आला.

"हा रेडिओ बंद कुठून होतो?"

पेटीवाले गप्प झाले.

"झाला वाटतं," आवाज म्हणाला.

पण ओळ अर्धी राहिली होती. ओळ अर्धी सोडणं हे त्यांच्याने कधी झालं नव्हतं, ते आजही झालं नाही. त्यांनी उरलेली अर्धी ओळ हळूच पुरी केली.

"परत लागला," आवाज म्हणाला आणि न्हाणीघराचं दार उघडलं.

दारात एक आडव्या बांध्याचे, टाय सैल केलेले, प्रवासाने वैतागलेले गृहस्थ. टबात फेस आणि फेसावर पेटीवाल्यांचं डोकं.

"तुम्ही कोण?" गृहस्थांनी विचारलं.

"मी इथे उतरलोय."

"इथे मी उतरलोय."

"कधी?"

"आत्ता."

"मी काल," पेटीवाले म्हणाले. पण उतरण्याच्या जागेवरून वाद झाला तर मागून आलेल्याला जागा द्यायची, असाही बुवांचा दंडक होता. म्हणून त्यांनी पुढे जोडलं, "पण तुमची गैरसोय होत असेल तर मी निघतो. फक्त जरा तोंड तिकडे करा."

"अहो, गैरसोय काय? खोलीत कुणाची वस्तू नाही. साधा रुमाल पडलेला नाही. माणूस राहतो असं वाटत तरी आहे का इथे?"

त्या अवस्थेतसुद्धा पेटीवाल्यांना आतून बरं वाटलं. लाजत लाजत ते म्हणाले, "तशी सवयच आहे."

गृहस्थांनी टबाशेजारचा फोन उचलला. आंघोळ करताना कुणाला फोन करायचा असतो, याचं उत्तर पेटीवाल्यांना मिळालं.

दारावर टकटक झाली तोवर पेटीवाले हॉटेलचा पांढरा झगा अंगावर चढवून खोलीत उभे होते. झगा पायघोळ, बाह्या लांब. आपण या घटकेला थेट मोहाच्या निरूपणातून उठून आल्यासारखे दिसत असू, असं त्यांच्या मनात आलं. दार उघडलं. बारीक चणीच्या, चष्मा लावलेल्या मोठ्या बाई आत आल्या आणि त्यांच्यामागून ठकू.

ठकूने बापाकडे पाहिलं. झगा पाहिला नाही, फेसाने पांढरा झालेला कान पाहिला नाही. "बाबा, तुम्ही गेला नाहीत?"

"कुठे?"

"घरी."

त्या एका शब्दाबरोबर पेटीवाल्यांच्या अंगातला टब उतरला.

मोठ्या बाईंनी आधी गृहस्थांची माफी मागितली, त्यांना वरच्या मजल्यावरची याहून मोठी खोली दिली आणि बॅग उचलायला माणूस बोलावला. गृहस्थ जाताना दारात घुटमळले. "ती पुढची ओळ काय होती? उगाच डोक्यात अडकलीय." पण बॅग पुढे निघाली होती, म्हणून ते गेले.

मग मोठ्या बाईंनी जाऊन कपाट उघडलं. आत दोन पिशव्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या, पकडल्या गेल्यासारख्या.

"खोली रिकामी आहे असं कुणी कळवलं?"

"मी," ठकू म्हणाली.

"कपाट पाहिलं होतं?"

"नाही."

"सहा महिने मी काय शिकवतेय? कपाट, खण, पलंगाखाली. का नाही पाहिलंस?"

ठकू जमिनीकडे पाहत बोलू लागली. "खाली म्हणाले, कार्ड देऊन, निरोप घेऊन गेले. मी वर आले. तर पलंग जसाच्या तसा. एका टॉवेलला हात लावलेला नव्हता. साबणाचा कागद फोडला नव्हता. मला वाटलं..." ती थांबली. "बाबांना हे काम आवडत नाही. वाटलं, माझ्या हातचं काहीच नको होतं त्यांना, म्हणून निघून गेले. त्यांना तशी सवय आहे."

"आणि मग रडत बसलीस."

"बसले नाही. फोन करून कळवलं आणि पुढच्या खोलीत गेले."

"रडायला माझी ना नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण कपाट उघडून रडायचं."

पेटीवाले पुढे झाले. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना. गाण्यातला मोकळा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "बाई, चूक माझी आहे. तिच्यावर नका ठेवू." आणि त्यांनी सगळं सांगितलं: बुवांचा दंडक, परकी घरं, पालथा पेला, खिशातला केर. पुरावा म्हणून संत्र्याच्या सालांची पुरचुंडी काढायला ते कपाटाकडे वळले, तेव्हा मोठ्या बाईंनी हाताने थांबवलं.

"आमच्या पायी घरच्या बाईला कष्ट नकोत, एवढंच होतं," ते म्हणाले. "इथे घरची बाई म्हणजे आमची ठकूच. तिने आमच्या चादरी उचलू नयेत म्हणून मी..."

"बाबा, मला त्या उचलायच्या होत्या," ठकू म्हणाली. "त्यासाठीच बोलावलं होतं. तुम्ही माझ्या हाताला काही ठेवलंच नाहीत."

पेटीवाल्यांच्या डोळ्यांपुढून एकेक घर जाऊ लागलं. पहाटेच उठून चुलीपाशी बसलेल्या त्या घरोघरच्या बाया. त्यांनीही काही करू म्हटलं असेल, आणि आपण पेला पालथा घालून निघून आलो असू. बुवांच्या सांगण्यात चूक नव्हती. साथ करणाऱ्याने सूर जरा जास्तच ताणला होता.

मोठ्या बाईंनी चष्मा पुसला. "काका, सगळे पाहुणे तुमच्यासारखे झाले तर माझ्या मुलींनी घरी बसायचं का? हे पाहा, आज मी हिला कायम करणार होते. आता नाही करत. उद्या सकाळी ही खोली ती माझ्यासमोर लावेल. त्यावर ठरवीन." त्या दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "आणि कृपा करून, खोली लावण्यासारखी ठेवा."

बायको बागेतून वर आली, तिने सगळं ऐकलं, झगा नखशिखान्त न्याहाळला आणि म्हणाली, "म्हणजे तुम्ही यापुढे एक दिवस माणसासारखं राहायचं, एवढंच ना? अवघडच आहे."

अवघडच निघालं. पेटीवाल्यांनी टॉवेल जमिनीवर टाकला, तर तो घडीसकट पडला. त्यांनी उश्या विस्कटल्या, दोन पावलं मागे येऊन पाहिलं आणि हात आपोआप पुढे जाऊन उशी सरळ करून आला. पेला पालथा घातला, मग ओशाळून उताणा केला. बायको खुर्चीत बसून वर्तमानपत्राची पानं एकेक करून चहूकडे सोडत होती.

"बघा, असं. मनाला लागू द्यायचं नाही."

"कागद तरी एका जागी टाक."

"तुम्ही तिकडे जाऊन पाणी सांडा बघू."

पेटीवाल्यांनी मन घट्ट केलं आणि न्हाणीघरात पाणी सांडलं. साबणाचे कागद फोडले. रात्री चादर उपसून ते गादीच्या मधोमध, हॉटेलच्या रजईत शिरले. शाल कपाटातच राहिली. इतकी मऊ झोप त्यांना कधी लागली नव्हती आणि तरीही सकाळी पहिली शुद्ध आली ती चादर ताणायचीच. बायकोने त्यांचा हात धरून खुर्चीत बसवलं.

ठकू आली ती चादरी-टॉवेलांची गाडी ढकलत. मागून मोठ्या बाई येऊन दाराशी हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. ठकूने खोलीभर नजर फिरवली: लोळणाऱ्या उश्या, खुर्चीखाली गेलेली पानं, न्हाणीघराच्या दारातलं थारोळं. तिच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. तिने कोट काढून ठेवला.

पेटीवाले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. नाहीतर ते उठले असते. ठकू वाकली, उठली, ओली फरशी पुसून घेतली, आरशावरून फडकं एका दमात फिरवलं. खुर्चीपाशी येऊन म्हणाली, "बाबा, पाय वर घ्या." पेटीवाल्यांनी लहान मुलासारखे पाय वर घेतले. तिने खालची पानं काढून घेतली.

मग तिने नवी चादर हातात घेतली आणि झटकली. चादर हवेत भरली, भाता भरावा तशी, क्षणभर तशीच थांबली, आणि मग सगळी हवा हळूहळू सोडत गादीवर नेमकी बसली. कुठे ओढावी लागली नाही. पेटीवाल्यांची बोटं मांडीखालून सुटून बाहेर आली. दरवाजात न सापडलेली सम इथे होती. त्यांच्या लक्षात आलं की ही पोरगी आपलंच काम करते आहे, आपल्याहून बरं. दुसऱ्या माणसाने येऊन टेकावं म्हणून जागा अशी करून द्यायची, की आधी कुणी टेकलंच नव्हतं.

"वा," ते म्हणाले.

कीर्तनात मागे बसणाऱ्याने मध्येच वा म्हणायचं नसतं. त्यामुळे हा त्यांचा आयुष्यातला पहिलाच. तो फार मोठ्याने निघाला नाही. ठकूचा हात चादरीच्या कोपऱ्यावर थांबला. मग तिने कोपरा दुमडला, गादीखाली सारला आणि पुढच्या कोपऱ्याकडे वळली.

शेवटी तिने कपाट उघडलं. खण उघडले. गुडघे टेकून पलंगाखाली पाहिलं. मोठ्या बाईंनी दाराच्या चौकटीवरून एक बोट फिरवलं, त्या बोटाकडे पाहिलं. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "सोमवारपासून कायम." आणि पेटीवाल्यांकडे मान करून, "काका, खोली छान घाण केली होती." एवढं बोलून त्या निघून गेल्या.

आईने डोळ्यांना पदर लावला. पेटीवाले उठून पलंगापाशी आले. चादर अशी तुळतुळीत होती की बुवा असते तर त्यांना ती दाखवावीशी वाटली असती.

"ठकू, अगदी कुणी टेकलंच नव्हतं असं दिसतंय बघ."

"हो ना?" ठकू म्हणाली. तिचे केस सुटून कपाळावर आले होते. "मग टेका आता."

पेटीवाल्यांनी बायकोकडे पाहिलं, पिशव्यांकडे पाहिलं आणि ते बसले. कडेला नव्हे, चांगले मधोमध. गादी खाली गेली आणि त्यांच्या दोन्ही बाजूंनी चादरीला लांबच लांब सुरकुत्या पडल्या. त्यांचा हात सवयीने सुरकुतीकडे निघाला. ठकूने तो वरच्यावर धरला आणि बराच वेळ सोडला नाही.